कायमचे अनुमोदक

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, माणूस म्हणून वाईट नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे बोलणार आहे ते ऐकून तुमचं मत भलतंच व्हायचं. कसलं व्यसन नाही, भांडण नाही, घरात आवाज चढवणं नाही. खोड एकच होती. या माणसाला 'नाही' म्हणता यायचं नाही.

त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. ओळखपत्राचे फोटो काढतात. आता ओळखपत्राच्या फोटोत आजवर कुणी बरं दिसलंय का? पण भाऊजी प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणणार, "छान आलाय हो!" एकदा एक बाई आपला फोटो बघून हबकल्याच. म्हणाल्या, "अहो, मी अशी दिसते?" तिथं कुणीही शहाणा माणूस 'छे छे' म्हणाला असता. भाऊजी हौसेनं म्हणाले, "हो, अगदी अश्शाच!" त्या बाई पुन्हा त्या गल्लीत फिरकल्या नाहीत.

असा माणूस हाती लागल्यावर मंडळ त्याला सोडतंय होय! मंडळ म्हणजे आमच्या वस्तीचं नागरिक मंडळ. दोन मजली इमारत आहे, खाली वाचनालय, वर सभेचा हॉल, आणि मागच्या अंगाला एक लांबट, उजेडाची खोली. मी तिथं लेखनिक आहे. पत्रं टाईप करणं, सभेचं इतिवृत्त लिहिणं, पंखे बंद करणं आणि अध्यक्षांचा चष्मा शोधून देणं, ही सगळी कामं लेखनिकाच्या पदात येतात. कार्यकारी मंडळावर एक जागा रिकामी झाली तेव्हा कुणीच उभं राहीना. अध्यक्ष फोटो काढायला गेले होते, तिथंच त्यांनी भाऊजींना विचारलं, "तुम्ही येता का?" झालं. नाही म्हणता येईना म्हणून भाऊजी बिनविरोध निवडून आले.

आता आमच्या सभेची रीत सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. कुठल्याही सभेत पहिलं काम असतं विषयपत्रिका मंजूर करणं. आज कशाकशावर बोलायचं त्याची ती यादी. एकानं ती मांडायची, दुसऱ्यानं 'अनुमोदन' म्हणायचं, मग यादी मंजूर होते आणि एकेका विषयावर चर्चा सुरू होते. जगात असं होत असेल. आमच्याकडे आधीच्या अध्यक्षांचे गुडघे दुखायचे, त्यांना फार वेळ बसवायचं नाही. ते एकदा म्हणाले, "विषयपत्रिका मंजूर झालीच आहे, तर त्यातले विषयही मंजूर झाले असं समजू या." गुडघे गेले, ते अध्यक्षही गेले, पण रीत राहिली.

त्यामुळे आमची सभा अशी चालायची. अध्यक्ष म्हणायचे, "विषयपत्रिका सर्वांना मिळालीच आहे." भाऊजी म्हणायचे, "अनुमोदन." चहा यायचा. चहाबरोबर बिस्किटं. मग सगळे एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करून उठायचे. इतिवृत्त मी आदल्या दिवशीच टाईप करून ठेवत असे. 'सर्वंकष चर्चेअंती एकमताने ठरले' हे शब्द तर माझी बोटं झोपेतसुद्धा टाईप करतील.

भाऊजी मात्र सभेच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालायचे. घरून निघताना दोनदा घसा खाकरून बघायचे, शब्द नीट उमटावा म्हणून. गंमत करत नाही हो, ताईला विचारा! तो एक शब्द म्हणायला ते असे जायचे, जसं काही त्यांच्यावाचून वस्तीचं पान हलत नाही.

आणि त्या शब्दाची शिक्षाही त्यांनाच व्हायची. सभा झाली की ठराव इमारतीबाहेरच्या फळ्यावर लागायचा आणि खाली दोन नावं. सूचक, अध्यक्ष. अनुमोदक, आमचे भाऊजी. अध्यक्षांचा सिमेंट-विटांचा धंदा, आवाज मोठा, गाडी त्याहून मोठी. त्यांना जाब विचारायची कुणाची छाती? मग लोक सरळ स्टुडिओत. वाचनालय रविवारी बंद ठेवायचं ठरलं, तेव्हा सगळे भाऊजींवर घसरले. पोर्चमधला बाक काढला, तेव्हा त्यावर रोज बसणारे म्हातारे स्टुडिओतल्या खुर्च्यांवर ठाण मांडून बसले. भाऊजी त्यांनाही म्हणायचे, "तुमचं अगदी बरोबर आहे." बाकीचे सभासद तोवर नामानिराळे. "आम्ही कुठं काय बोललो? अनुमोदन त्यांचं आहे," असं म्हणून ते हात झटकून मोकळे. माझी तळपायाची आग मस्तकात जायची. भाऊजींना त्याचं काही नाही. वस्तीतली पोरं त्यांना 'अनुमोदनकाका' म्हणून हाक मारायची, तर हे आपले हात हलवून ओ द्यायचे.

मागच्या खोलीत ताईचं पाळणाघर आहे. दवाखान्यातल्या नर्स, शिलाईच्या कारखान्यातल्या बायका, दुकानांतून दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली सकाळी आपली लेकरं तिच्या हवाली करतात आणि कामाला पळतात. ताई त्या पोरांना भरवते, निजवते, त्यांची नाकं पुसते. तिचा जीव त्या खोलीत आहे. घरी ती पाहुण्यासारखी येते, असं भाऊजीच म्हणतात.

एके दिवशी अध्यक्षांनी पुढच्या सभेची विषयपत्रिका टाईप करायला माझ्याकडे दिली. सातवा विषय होता, 'इमारतीच्या मागील बाजूच्या जागेचा सुयोग्य विनियोग करणेबाबत'.

मी म्हटलं, "साहेब, म्हणजे करायचं काय?"

"सुयोग्य विनियोग."

"तो कळला. पण नेमकं काय?"

"तुम्ही टाईप करा."

नेमकं काय ते दुपारी कळलं. सुतार आला, टेप घेऊन. ताई एका पोराला थोपटत बसली होती, तिच्या डोक्यावरून त्यानं माप धरलं. इथं सोफा, इथं काचेचं टेबल, या कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. अध्यक्षांचं दालन होणार होतं. ताईनं विचारलं, "आणि मुलं?" सुतार बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "बाई, मला मुलांचं काही माप दिलेलं नाही."

संध्याकाळी मी ताईच्या घरी गेले. ताई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती आणि भाऊजी दाराशी उभे राहून प्रत्येक आवाजाला दचकत होते.

"तुम्ही उद्या फक्त गप्प बसायचं," ताई म्हणाली. "भाषण नको, भांडण नको. तो एक शब्द तेवढा गिळायचा."

"अगं, पण ती विषयपत्रिका आहे," भाऊजी कळवळून म्हणाले. "विषयपत्रिकेला नाही कसं म्हणायचं? ती मंजूर करणं म्हणजे नुसतं 'यावर बोलू या' एवढंच असतं. विरोध काय तो नंतर करायचा."

मला राहवेना. "भाऊजी, नंतर कधी? चहात बिस्किट बुडवताना? तुमच्या मंडळात बोलतं कोण?"

भाऊजींनी जरा विचार केला. "कुणी नाही," ते कबूल झाले.

"सगळ्या जगाला हो म्हणालात," ताई म्हणाली. "मी कधी काही मागितलं का? ती पोरं कुठं नेऊ मी? त्यांच्या आया कामावर कशा जाणार? तुमच्या नावानं माझी खोली गेली, तर मी पुन्हा तुमच्या तोंडाकडे बघायची नाही, सांगून ठेवते."

भाऊजी खाली बसले. मग हळूच म्हणाले, "बरं. गप्प बसतो." मला मेलीला त्यातही हसू आलं. बायकोला नाही म्हणता येईना म्हणून गडी मंडळाला नाही म्हणायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभा भरली. अध्यक्ष, वकील, औषधांच्या दुकानाचे मालक, खजिनदार आणि भाऊजी. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी, समोर तयार इतिवृत्त. सातव्या विषयाखालीही अनुमोदक म्हणून भाऊजींचंच नाव मी माझ्या हातानं टाईप केलेलं. काय करणार, नोकरी आहे.

"विषयपत्रिका सर्वांना मिळालीच आहे," अध्यक्ष म्हणाले. "वाचलीच असेल. ती मी मंजुरीसाठी ठेवतो. अनुमोदन..." आणि चहाची खूण करायला त्यांनी दाराकडे हातसुद्धा वर केला.

हात वरच राहिला. भाऊजींनी दोन्ही ओठ आत ओढून घेतले होते. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"अनुमोदन?" अध्यक्षांनी त्यांना आठवण करून दिली.

भाऊजींना खोकला आला. खोकल्याबरोबर शब्दही बाहेर पडतो की काय, असं मला वाटलं.

"बरं नाही का?" औषधवाल्यांनी विचारलं. "गोळी देऊ?"

"बरं आहे."

"मग म्हणा की!"

"आज मी म्हणणार नाही," भाऊजी म्हणाले.

इतक्या हळू म्हणाले, की अध्यक्षांनी "काय?" विचारलं. आयुष्यातला पहिला नकार त्या माणसाला दोनदा द्यावा लागला.

वकील पुढे सरसावले. "म्हणजे तुमचा विरोध आहे?"

"विरोध नाही. अनुमोदन नाही."

"विरोध नसेल तर संमती गृहीत धरता येते."

"धरा," भाऊजी म्हणाले. "फक्त फळ्यावर माझं नाव लिहू नका."

एवढं ऐकलं आणि सगळे ताठ बसले. फळा कुणाच्या लक्षातच नव्हता, कारण अध्यक्ष सोडले तर त्यांच्यातल्या कुणाचं नाव फळ्यावर कधी आलंच नव्हतं.

"हात्तिच्या, त्यात काय!" अध्यक्ष हसले. "दुसऱ्या कुणाचं लिहू. वकीलसाहेब, तुम्ही द्या."

"मी दिलं असतं," वकील म्हणाले, "पण मी मंडळाचा कायदेशीर सल्लागार पडतो. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर आपल्याच हिताला बाधा. औषधवाल्यांना काहीच अडचण नाही."

"मला अडचण नाही?" औषधवाले उखडले. "माझं दुकान कोपऱ्यावर. अख्खी वस्ती समोरून जाते. तुम्हाला कोर्टात भेटतात, मला रोज भेटतात!"

उरले खजिनदार. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि एक प्रश्न विचारला. मी नोकरीला लागल्यापासून त्या हॉलमध्ये तो प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. ते म्हणाले, "पण सातवा विषय आहे तरी काय?"

"सुयोग्य विनियोग," अध्यक्ष म्हणाले.

"पाळणाघर काढून तिथं अध्यक्षांचं दालन," मी म्हटलं.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं आणि मान खाली घातली. तोंडातून गेलं ते गेलं.

खजिनदारांचा चेहरा पडला. "अहो, आमचा नातू तिथंच असतो. सून कामावर जाते. तिला कळलं की मी अनुमोदन दिलं, तर घरात मला कुणी जेवायला वाढायचं नाही." मग घाईघाईनं म्हणाले, "माझा दालनाला विरोध नाही हं! दालन हवंच. फक्त नाव नको."

कुणाचाच विरोध नव्हता. तिघांनाही दालन हवं होतं, कारण सोफ्यावर त्यांनाही बसायला मिळणार होतं. पण नाव द्यायची वेळ आली आणि एकेकाची दातखीळ बसली. पाळणाघराच्या बाजूनं त्या दिवशी एक अक्षर कुणी बोललं नाही, अगदी भाऊजीसुद्धा नाही. खोली वाचली ती चार घाबरट तोंडांमुळे.

शेवटी अध्यक्षांनी पेन काढून सातव्या विषयावर रेघ मारली. "पुढच्या सभेत घेऊ. आता तरी?" सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. दाराशी चहा येऊन थांबला होता. मी भाऊजींना ओळखते, त्या घटकेला त्यांच्या जिभेवर तो शब्द नुसता नाचत असणार. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "आता बाकीचे विषयही वाचून दाखवा. एकेक."

काय सांगू तुम्हाला! पहिल्यांदा आमच्या मंडळानं आपली विषयपत्रिका ऐकली. नळाची दुरुस्ती होती, तिला भाऊजींनी खणखणीत अनुमोदन दिलं. जुनी मासिकं विकायची होती, त्यालाही दिलं. मग आला 'अध्यक्षांच्या तैलचित्राबाबत विचार करणे'. भाऊजी म्हणाले, "विचार करू या की." आणि खरंच विचार करत बसले. वकिलांना विचार काही सुचेना. अध्यक्ष छताकडे बघत राहिले. तोवर चहावर साय धरली, बिस्किटं सादळली आणि तैलचित्रही पुढच्या सभेत गेलं.

त्या संध्याकाळी ताईनं भाऊजींना पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावलं. "मग तुम्ही काय म्हणालात? मग ते काय म्हणाले?" भाऊजी सांगायचे आणि स्वतःच अचंब्यानं हसायचे. मला वाटलं, चला, या वयात का होईना, माणसाला कणा फुटला.

पण मंडळ हे मंडळ आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत पहिलाच विषय होता, 'सभेच्या प्रस्थापित प्रथेचा भंग करून अकारण विलंब घडविल्याबद्दल एका सदस्याचे सदस्यत्व समाप्त करणेबाबत'. भाऊजींना आदल्या दिवशी सांगितलं, तर म्हणाले, "असं कसं होईल? इतकी वर्षं एकत्र बसलो आम्ही. अनुमोदन कोण देणार?"

अहो, तिघांनी दिलं! अध्यक्षांचं वाक्य पुरं व्हायच्या आत वकील, औषधवाले आणि खजिनदार एका सुरात ओरडले, "अनुमोदन!" मग आपापसात वाद, की आधी कोण म्हणालं. फोटोवाल्यासाठी कुणी भांडायला येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिघांचीही नावं लिहा, असं अध्यक्षांनी मला सांगितलं आणि मी लिहिली. भाऊजींनी उठून सगळ्यांना नमस्कार केला, खुर्ची नीट आत सरकवली आणि जिना उतरून गेले.

फळ्यावर ठराव लागला. तिन्ही नावं ठसठशीत. दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानात कुणी जाब विचारायला गेलं का? नाव नको. उलट ते म्हातारे फळा वाचून म्हणाले, "बरं झालं. आमचा बाक त्यानंच काढला होता." मी तिथंच उभी होते. असा राग आला, की हातातली फाईल त्यांच्या डोक्यात घालावी.

सातवा विषय अजून विषयपत्रिकेवर आहे. दर सभेत येतो. अध्यक्ष मांडतात, मग तिघं एकमेकांकडे बघतात, कुणाला खोकला येतो, कुणाचा फोन वाजतो. मी लिहिते, 'अनुमोदकाअभावी पुढे ढकलण्यात आला.' अध्यक्ष दुसरा कुणी 'नाही' न म्हणणारा माणूस शोधताहेत. सुदैवानं वस्तीत तो एकच होता.

भाऊजींना मंडळातून काढल्यानंतरची पहिली सभा होती तेव्हाची गोष्ट. मी कपबश्या आणायला खाली आले, तर मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. आत मुलं ओळीनं निजलेली. ताई एका बाळाला पंख्यानं वारा घालत होती आणि तिच्या शेजारी लहान मुलांच्या बुटक्या स्टुलावर भाऊजी बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट. सभेची वेळ झाली म्हणून सवयीनं घरून निघाले असावेत, आणि इमारतीपाशी आल्यावर वर जाता येईना.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, शर्टाच्या बाहीनं पुसत होते आणि पुन्हा वाहत होतं. बुटक्या स्टुलावर तो एवढा मोठा माणूस, मला बघवेना.

"सगळ्यांच्या सगळ्या ठरावांना मी हो म्हणत आलो गं," ते ताईला म्हणाले. "लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण एकाचंही नाव पुढे केलं नाही. आणि माझी पाळी आली, तेव्हा 'राहू द्या हो यांना' म्हणायला एकाचंही तोंड उघडलं नाही."

ताईनं वारा घालायचा थांबवला नाही. दुसऱ्या हातानं भाऊजींचा हात घट्ट धरला.

"त्यांची तोंडं उघडत नाहीत, म्हणूनच ही खोली आहे," ती म्हणाली. "आता हळू रडा. मुलं उठतील."